नवी पेठ केव्हा जुनी झाली? सोलापूरचा बाजार, टॉकीज आणि बंद दारं



संयोजकांनी मला विषय दिला होता 'सोलापूरच्या बाजारपेठेचा इतिहास'. तासाभरात तो काही मावणार नाही. म्हणून मी हद्द आखून घेतली आहे. मधल्या मारुतीपासून निघायचं, चाटी गल्लीतून नवी पेठेत यायचं आणि तिथून टॉकीजकडे वळायचं. चालत गेलात तर जेमतेम अर्धा तास. दिवाळीच्या आधीचा आठवडा असेल तर मात्र वेळ विचारू नका.

नावापासूनच सुरुवात करू. 'नवी पेठ' म्हणताना ती कुठल्या जुन्यापेक्षा नवी, हे आपण विचारतच नाही. जुनं गाव वेशींच्या आतलं. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. वेशी गेल्या, तरी रिक्षावाल्याला आजही आपण वेशीचंच नाव सांगतो. या नावांत एक गोष्ट दडलेली आहे. गावाचं दार ज्या दिशेला उघडतं, त्या दिशेचं गिऱ्हाईक आत येतं. विजापूरकडून कानडी मुलूख, तुळजापूरकडून मराठवाडा, पूर्वेकडून तेलंगण. त्यामुळे सोलापूरचा दुकानदार पहिल्यापासून तीन-चार भाषांत भाव सांगत आला. आपण त्याला कौतुकानं 'बहुभाषिक संस्कृती' म्हणतो. त्याच्या लेखी तो धंदा होता. गिऱ्हाईक वेशीतून आत आल्यावर त्याला 'बा' म्हणायचं की 'रा' म्हणायचं, हे त्याच्या पागोट्यावरून ओळखावं लागे.

१८६० मध्ये रेल्वे आली. स्टेशन जुन्या गावापासून लांब, पश्चिमेच्या बाजूला. गाव आणि स्टेशन यांच्या मधला पट्टा हळूहळू भरत गेला, आणि नवी पेठ हे त्या भरण्याचंच फळ आहे. रेल्वेमुळे कापूस आला, कापसामुळे गिरणी आली. मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली 'जुनी मिल', १८७० च्या दशकात उभी राहिली. मुरारजी पेठ हे नाव त्यांचंच. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती ७५,२८८. २०११ मध्ये ती साडेनऊ लाखांवर गेली. मधली सगळी वाढ गिरण्यांनी केली असं नाही, पण पाया त्यांनी घातला.

आता चाटी गल्ली. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला ती फार आवडते. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. जुन्या मराठीत हा शब्द सर्रास सापडतो, आज तो बहुतेक आडनावापुरता आणि या गल्लीपुरता उरला आहे. एके काळी या गल्लीत माणसं येत ती लग्नाचा बस्ता बांधायला. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, इंडी, उमरगा या भागांतून घरातली आठ-दहा माणसं बैलगाडीनं, पुढे एसटीनं येत. सकाळी बसत ती दुपारपर्यंत. पांढरी गादी, तक्क्या, समोर उलगडलेल्या लुगड्यांचा ढीग. नवरीला लुगडं, विहिणीला लुगडं, आत्याला कमी किमतीचं आणि तिला ते कळू नये अशा रंगाचं. दुकानदार चहा मागवी. अर्धे पैसे रोख, अर्धे सुगीनंतर. हिशेब वहीत, आणि वहीचा आधार एकमेकांच्या गावाची ओळख.

यात एक गंमत आहे. सोलापूरच्या हातमागावर पूर्वी नऊवारी लुगडी विणली जात. पूर्व भागातला पद्मशाली विणकर विणी, चाटी गल्लीतला व्यापारी विकी. दोघांमध्ये चालून जाण्याइतकंच अंतर. नंतर बायका सहावारी नेसू लागल्या. यंत्रमाग आले आणि माग वळला चादरीकडे, टॉवेलकडे. सोलापुरी चादर देशभर गेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बस्त्यात चादर किती लागणार? एक, फार तर दोन. बाकीचं कापड बाहेरून येऊ लागलं. आज चाटी गल्लीत तुम्ही घेता ती साडी बहुधा सुरतेची असते. म्हणजे कापडाच्या गावात कापडाचा बाजार आहे, पण गावाचं कापड आणि गावाचा बाजार यांची फारकत झाली आहे. माझ्या मते सोलापूरच्या बाजारात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. काचेचे दरवाजे, एसी, झगमगाट हे सगळं नंतरचं.

आता टॉकीजकडे जाऊ. त्याआधी एक अडचण सांगतो, कारण आजचं खरं म्हणणं त्या अडचणीतच आहे.

बाजाराचा इतिहास लिहायला बसलं की कागद मिळत नाहीत. कागद मिळतात ते बाजार बंद पडला त्या दिवसांचे. १९३० चंच बघा. एप्रिलमध्ये नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लागला. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली. ९ ते ११ मे हे तीन दिवस सरकारी अंमल शहरातून जवळजवळ उठला होता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत राहिला. या काळात कुठल्या रस्त्यावर कोण होतं, कुणाच्या डोक्यावर कुठली टोपी होती, याची नोंद सरकारी दप्तरात, खटल्यांत, वर्तमानपत्रांत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. ही चार आडनावं एका ओळीत वाचा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. नकाशा न काढताही पेठेत कोण कोण राहत होतं हे कळतं. पण त्याच रस्त्यावर १९२९ च्या एखाद्या साध्या मंगळवारी काय विकलं जात होतं, काय भावानं आणि कुणाला, हे विचारलंत तर मला गप्प बसावं लागेल.

दुसरा बंद १९४९ चा. ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो माणसं एकदम रिकामी झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हातात घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना नुकतीच अमलात आली होती. मालमत्तेचा हक्क, समानतेचा हक्क यांवरचे अगदी सुरुवातीचे निकाल या सोलापूरच्या गिरणीवरून झाले, १९५० मध्ये एक आणि १९५३ मध्ये दुसरा. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही 'सोलापूर मिल केस' वाचतात. त्यात भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. किराणा दुकानदार नाही. गिरणी बंद पडली की पहिल्या महिन्यात वहीतली उधारी वाढते, दुसऱ्या महिन्यात दुकानदार हात आखडतो, तिसऱ्या महिन्यात त्याला स्वतःलाच वरून माल मिळत नाही. गिरणगावच्या बाजाराचं यंत्र असं चालतं. ते न्यायालयात गेलं नाही, म्हणून ते छापलंही गेलं नाही.

तिसरा बंद तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, २०२० चा. त्याचे कागद इतके आहेत की पुढचा इतिहासकार कंटाळेल.

तर टॉकीज. गिरणी तीन पाळ्यांत चाले आणि टॉकीजचे खेळही त्याच भोंग्याच्या हिशेबानं भरत. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळच्या खेळाला, दुसऱ्या पाळीचा मॅटिनीला, रात्रपाळीचा दुपारी, आणि झोपायलाच! हसू नका, बाहेर बेचाळीस अंश असताना अंधारात पंख्याखाली तीन तास मिळत. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला त्या तिकिटाचं मोल वेगळं होतं. भागवत कुटुंबाची टॉकीज सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. मल्टिप्लेक्स हा शब्द आपल्याकडे कुणी ऐकलाही नव्हता, तेव्हा एकाच आवारात अनेक पडदे होते. एका खिडकीवर हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की माणूस शेजारच्या खिडकीवर जाई. कुठला सिनेमा पाहायचा ते घरून ठरवून यायची गरज नव्हती. 'भागवतला जाऊ' एवढं पुरे होतं. शिवाय प्रभात होतं, मीना होतं. पूर्व भागात तेलुगू सिनेमे लागत, आणि त्यातल्या नायकाच्या पोस्टरला हार घालायला विणकरांची पोरं सकाळपासून हजर असत.

बायकांचं काय? पेठेत बाई एकटी फिरत नसे, खरेदीला आली तर सोबत कुणीतरी असे. टॉकीजला मात्र बायकांची वेगळी खिडकी आणि बसायची वेगळी जागा असे. विडी वळणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या कमाईतून, शेजारणीसोबत, नवऱ्याला न विचारता जाता येईल अशी सार्वजनिक जागा या शहरात देऊळ सोडलं तर फारशी नव्हती. सिनेमानं ती दिली. कुणी ठरवून दिली नाही, धंद्यासाठी दिली.

इथे गड्ड्याचा उल्लेख केला नाही तर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे येतात, मौत का कुआँ येतो. करमणुकीची ही जागा टॉकीजच्या कितीतरी आधीची, आणि टॉकीज गेल्यावरही टिकली आहे. कारण उघड आहे. ती वर्षातले थोडेच दिवस असते, आणि तिच्यामागे नंदीध्वज आहेत. टॉकीजमागे फक्त तिकीट होतं.

आणि जाता जाता गणपतीबद्दल. शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ चा, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाच्या आधीचा, असं सोलापूरकर अभिमानानं सांगतात. पुण्यातल्या मित्रांना ते सांगताना जरा जास्तच अभिमानानं सांगतात. पूर्व भागात ताता गणपती आहे. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. दोन आजोबा, दोन भाषा, एक विसर्जनाचा दिवस.

पुढची हकिकत तुम्हाला माहीत आहे. जुनी मिल साठच्या दशकात कायमची थांबली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, नरसिंगगिरजी त्यानंतर. टीव्ही आला, व्हिडिओ आला. पण टॉकीज टीव्हीनं मारली, हे उत्तर मला अर्धवट वाटतं. पाळीचा माणूसच राहिला नाही. यंत्रमागावरच्या कामगाराला ठरलेली सुट्टी नाही, ठरलेला महिना नाही. त्याची वस्तीही हलली. विडी कामगार बायकांच्या लढ्यातून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत झाली, पुढे रे नगर झालं. स्वतःचं घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट आहे, त्यात किंतु नाही. पण पाच मिनिटांवरची पेठ आता रिक्षाच्या भाड्याएवढी लांब गेली. दुसऱ्या बाजूला जुळे सोलापूर, विजापूर रोड, आसरा इकडे पगारदार वर्ग गेला आणि त्याची दुकानं त्याच्यामागे गेली. नवी पेठेत गर्दी अजून आहे, उलट चालायला जागा नाही. मोबाइल, कपडे, चपला, रस्त्यावरच्या हातगाड्या. ही गर्दी मुख्यतः खेड्यांतल्या तरुणांची. एसटीनं सकाळी येतात आणि दिवेलागणीला परततात. रात्री नऊनंतर नवी पेठेत जाऊन बघा. शेवटचा खेळ सुटल्यावर पाव-चटणी खायला थांबणारा माणूस आता तिथे नाही. तो पार्क चौपाटीवर आहे, गाडी लावायला जागा असलेल्या ठिकाणी.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली आहे की स्मार्ट सिटीत हे सगळं जतन होईल का. २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर होतं. इंद्रभुवनाचं काम त्यात झालं. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती देखणी वास्तू नीट झाली, मला आनंदच आहे. दगडी महिरपी जतन करता येतात. चाटी गल्लीतली गादी, टॉकीजची बायकांची खिडकी, विहिणीच्या लुगड्यावरची घासाघीस यांना वारसा यादीत कुठल्या रकान्यात घालायचं? इमारत पडली की बातमी होते. गिऱ्हाईक यायचं थांबतं तेव्हा होत नाही.

म्हणून शेवटी एक विनंती, आणि ती अगदी व्यवहाराची आहे. तुमच्या घरात माळ्यावर, कपाटाच्या तळाशी असलेल्या वह्यांत काही कागद असतील. बस्त्याची पावती, दुकानाची उधारीची वही, टॉकीजचं फाडलेलं तिकीट, सिनेमाचं हँडबिल, दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका. ते रद्दीत देऊ नका. मला देऊ नका, माझ्याकडे जागा नाही. फक्त मोबाइलवर फोटो काढा, मागे दुकान कुठल्या चौकात होतं ते लिहा, आणि घरात ज्यांना त्या दुकानाची पायरी आठवते त्यांना विचारून भाव लिहून ठेवा. मागच्या रांगेतल्या आजींनी मघापासून मान हलवली आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू. आजी, बस्ता कुठल्या दुकानातून बांधला होता?