नूगट: नावातला नट गेला कुठे?

मागच्या महिन्यात टीममधला एकजण जर्मनीहून परत आला आणि रिवाजाप्रमाणे पँट्रीत चॉकलेटचा पुडा उघडला गेला. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. त्याने विचारलं, "यात नट्स नाहीत ना रे?" पुड्यावर मोठ्या अक्षरात 'नूगट' लिहिलेलं, बाकी सगळी जर्मन. मी छातीठोकपणे सांगितलं, "नूगट म्हणजे अंड्यातला पांढरा भाग आणि साखर. मिल्की वेमध्ये असतं ना, तेच. खा बिनधास्त!"

पाच-दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास लागला. मग रिक्षा, दवाखाना, इंजेक्शन. आता ठणठणीत आहे आणि रोज मला शिव्या घालतो. घालायलाच हव्यात म्हणा.

त्या शनिवारी प्रायश्चित्त म्हणून हा शब्द खणत बसलो.

नूगटचं मूळ दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितान भाषेत. 'पान नोगात' म्हणजे सुक्यामेव्याचा पाव, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला 'नुक्स', म्हणजे नट. (नाटकातला नव्हे! गंमत म्हणजे मराठीत काजू, बदाम, अक्रोड सगळ्यांना वेगवेगळी नावं आहेत, पण 'नट'साठी रोजच्या बोलण्यात एक शब्द नाही.) मोंतेलिमार हे या मिठाईचं गाव. मध, साखर, फेटलेलं अंडं आणि बदाम. खरं मोंतेलिमार नूगट म्हणवून घ्यायचं तर किमान ३० टक्के बदाम हवेत, किंवा २८ टक्के बदाम आणि २ टक्के पिस्ते. या गावाचे महापौर एमिल लुबे १८९९ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि नूगटची जाहिरात करणारा खुद्द राष्ट्राध्यक्ष मिळाला. अजून काय हवं?

'त्यू नू गात', म्हणजे 'तू आमचे फार लाड करतेस', यावरून नूगट शब्द आला अशीही एक कथा तिकडे सांगतात. गोड आहे, पण खोटी.

मग नट गेला कुठे? अमेरिकेत. १९२३ मध्ये फ्रँक मार्सने मिनिॲपोलिसमध्ये मिल्की वे बाजारात आणला. (हे नाव आकाशगंगेवरून नाही, तेव्हाच्या लोकप्रिय माल्टेड मिल्क पेयावरून!) आत माल्टच्या चवीचं हलकं, फुगवलेलं नूगट, बाहेर चॉकलेटचा पातळ थर. फेटून भरलेली हवा फुकट, त्यामुळे पाच सेंटमध्ये बार चांगला गलेलठ्ठ दिसायचा. धंदा म्हणून झकास डोकं! पण त्यात बदाम नाही, अक्रोड नाही. १९३२ च्या थ्री मस्केटिअर्सची तर अजून मजा. सुरुवातीला व्हॅनिला, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरी असे तीन तुकडे यायचे. महायुद्धात टंचाई आली, तीनाचा एक झाला, नाव मात्र तेच. आमच्या जुन्या कोडमध्ये असे व्हेरिएबल खंडीभर सापडतील. हात लावायची कुणाची हिंमत नसते.

आणि जर्मनीत? तिथे नुसतं 'नूगट' म्हटलं की भाजून वाटलेले हेझलनट, साखर आणि कोको. अंड्याचा पत्ता नाही. फ्रेंच पद्धतीच्या पांढऱ्या नूगटला ते 'पांढरं नूगट' किंवा 'तुर्की मध' म्हणतात. म्हणजे जर्मन लोक शब्दाशी इमानदार राहिले आणि मी अमेरिकन अर्थ घेऊन त्यांच्या पुड्यावर निकाल दिला.

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७ चं नाव नूगट ठेवलं, तेव्हा नेय्यप्पमसाठी जोर लावणारे केरळवाले हिरमुसले होते. मी तेव्हाच या शब्दाच्या खोलात गेलो असतो तर बरं झालं असतं. असो.

युरोपात डिसेंबर २०१४ पासून ॲलर्जीचे घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. सोमवारी ऑफिसात तो रिकामा पुडा उलटा करून पाहिला. मागे ठळक अक्षरात हेझलनटचा जर्मन शब्द होता, 'हाझेलन्यूस'. जर्मन न येणाऱ्यालाही कळला असता.