सोवळे आणि कोश

रेशमी वस्त्र सोवळ्याचे म्हणून आपण ते नेसून देवपूजा करतो. परंतु त्याची जन्मकथा क्वचितच आठवतो. तुतीच्या पाल्यावर पोसलेला किडा चार वेळा कात टाकतो आणि सुमारे महिन्याभरात स्वतःभोवती कोश विणतो. पाखरू कोश भेदून बाहेर पडले, तर धागा अखंड राहत नाही. म्हणून आतील जीव उष्णतेने आधीच मारतात.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरास विणकर वसविले आणि रेशीम-सुताच्या महेश्वरी लुगड्यांची कीर्ती झाली. १७५४ साली वैधव्य आलेल्या त्या स्वतः मात्र साधे पांढरे वस्त्रच नेसत. त्या धाग्याने विणकरांच्या चुली पेटत्या राहिल्या, हे खरे. तथापि सोवळ्याचा अभिमान धरणाऱ्याने कोशातील जिवाचे ऋणही स्मरावे.