गावाचा अभिमान: पण गाव नेमकं कुणाचं?

सध्या 'गाव वाचवा, गावाकडे चला' ही हाक पुन्हा जोरात आहे. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, यात्रेला वेशीवर 'आमचं गाव, आमचा अभिमान' असे फलक लागतात, आदर्श गावाच्या स्पर्धा होतात. गावं ओस पडत आहेत, शाळांचे पट घसरत आहेत, तरुण पोरं पुण्या-मुंबईच्या रस्त्याला लागली आहेत. ही चिंता खोटी नाही. पण या चर्चेत आम्हाला बोलावलं जातं ते वर्गणीपुरतं. म्हणून आम्ही आधी विचारतो: जे गाव पुन्हा उभं करायचं म्हणता, ते नेमकं कोणतं? चावडीचं, की गावकुसाबाहेरचं?

बाबासाहेबांच्या आडनावातच गाव आहे. कोकणातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सकपाळ घराण्याचं मूळ गाव. त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे नाव रूढ झालं. त्यांचा जन्म मात्र महूच्या लष्करी छावणीतला. महार माणसाला गावात जे कधीच मिळालं नसतं, ते पगार आणि शिक्षण सुभेदार रामजींना पलटणीत मिळालं. गावाबाहेर पडल्यावरच माणूस होता आलं, हा एका घराचा नव्हे, एका समाजाचा अनुभव आहे.

मग गावात आमचं स्थान काय होतं? गावगाड्याचं गुणगान करणारे म्हणतात, प्रत्येकाला काम होतं, बलुतं होतं, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. त्या कामाची यादी वाचा. शीव राखायची, शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची, वसूल झालेला सारा खजिन्यात पोचवायचा, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, अंमलदार आला की रात्री-अपरात्री दिमतीला उभं राहायचं. गावाची शीव कुठे संपते हे सांगण्याचा मान महाराचा, आणि त्याच गावच्या पाणवठ्यावर त्याला मज्जाव! मोबदला काय, तर हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. १८७४ च्या वतन कायद्याने या वेठीला सरकारी शिक्का दिला. एकाच्या वतनासाठी अख्खं कुटुंब राबवता येत होतं.

हा फास बाबासाहेबांनी ओळखला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतन सोडण्याची मोकळीक द्या, कामाचा ठरलेला मोबदला द्या, हा त्याचा गाभा. ते मंजूर होऊ शकलं नाही. तरी गावात मान हवा तर आधी वेठ सुटली पाहिजे, हा धडा समाजाला तिथून मिळाला.

१९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयक आलं, तेव्हाही त्यांनी विरोध केला. जातीने विभागलेल्या गावात न्यायनिवाड्याचे अधिकार पंचांच्या हाती दिले, तर अस्पृश्याला न्याय कोण देणार? राखीव प्रतिनिधित्वाशिवाय पंचायत म्हणजे बहुसंख्य जातीचं राज्य, हा त्यांचा मुद्दा होता. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यातही ती आली.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी मेटकाफच्या 'ग्रामराज्य' कल्पनेचा समाचार घेतला आणि मसुद्याने खेड्याला नव्हे तर व्यक्तीला घटक मानलं याचं स्वागत केलं. त्याच महिन्यात पंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. तीच पुढे कलम ४० झाली. आमचे विरोधक पहिलीच गोष्ट सांगतात आणि बाबासाहेब खेड्याचे शत्रू होते असा निष्कर्ष काढतात. आमच्यातलेही काही जण तेच ऐकून गावावर कायमची फुली मारतात. दोघंही चुकतात. बाबासाहेबांचा विरोध माणसाला गाडणाऱ्या गावाला होता. गावातल्या माणसाला त्यांनी कधीच सोडलं नाही. १९५६ मध्ये आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीन बांधवांविषयीचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं होतं.

त्या दुःखाला उत्तर दिलं कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी. १९५९ चा आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह ही खेडी सावरण्याचीच चळवळ होती. लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात लेकुरवाळ्या आयाबहिणी होत्या. मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या. गावाच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास लिहिताना श्रमदानाचे फोटो छापतात. हा तुरुंगवास कुठे छापतात?

पुढे काय झालं? १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली. जमीन ठरलेली रक्कम भरून परत मिळणार होती, विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बंधनकारक होती. तरीही कितीतरी वतनी जमिनी भलत्यांच्या ताब्यात गेल्या. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची वहिवाट नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, पण अनेकांच्या नावे आजही सातबारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली. त्याच निकालात, सरकारी अधिसूचनेने पट्टा मिळालेले भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमाती यांचा अपवादही सांगितला आहे. नोटीस घेऊन येणारे तो अपवाद वाचून दाखवत नाहीत. तो आपण वाचायचा.

म्हणून तरुण मित्रांनो, गावाच्या अभिमानाची आमची कसोटी साधी आहे. स्मशानभूमी एक आहे का? नळाची लाइन वस्तीत शेवटी येते की बरोबरीने? राखीव जागेवरचा सरपंच खुर्चीत बसतो, की त्याच्या सहीवर दुसराच कारभार करतो? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी कुठे खर्च झाला? वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला, तुमच्या गावच्या पाटीवर तो पोचला का?

शहरात गेलेल्यांनी गावात फक्त विहाराची कमान बांधून थांबू नये. पुढच्या सुट्टीत तलाठ्याकडून वतनाचे जुने फेरफार काढा, ग्रामसभेला हजर राहा, निधीचा हिशेब माहिती अधिकारात मागा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून सत्याग्रहात कोण कोण तुरुंगात गेलं ते लिहून घ्या. ती नावं गावच्या इतिहासात नसतील, तर तो इतिहास अर्धाच आहे.

गाव जगलं पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. त्याची शीव आमच्याच पूर्वजांनी राखली. पण आता आम्ही शिवेवर उभे राहणार नाही, चावडीत बरोबरीने बसणार. जे गाव ही जागा देईल, त्याचा अभिमान आम्ही सगळ्यांच्या आधी मिरवू.

जय भीम!