धुरांड्यातील कणपदार्थांच्या मापनाची अचूकता

कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे, सिमेंट भट्ट्या, बॉयलर इत्यादींच्या धुरांड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूत राख, काजळी व धूळ यांचे प्रमाण किती आहे हे ठरविण्याच्या प्रक्रियेस धुरांड्यातील कणपदार्थांचे मापन असे म्हणतात. हे प्रमाण मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर या एककात व्यक्त केले जाते. प्रदूषणाच्या कायदेशीर मर्यादा याच एककात ठरविलेल्या असल्यामुळे मापनातील लहानशा चुकीनेही दोषी कारखाना निर्दोष किंवा निर्दोष कारखाना दोषी ठरू शकतो.

समवेगी नमुनाग्रहण

सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूचे रेणू प्रवाहाबरोबर सहज वळतात. कणांना मात्र वस्तुमान व जडत्व असते. त्यामुळे धुरांड्यात घातलेल्या नळीच्या तोंडाशी वायू ज्या वेगाने ओढला जातो, तो वेग धुरांड्यातील प्रवाहाच्या वेगाइतकाच असावा लागतो. यास समवेगी (आयसोकायनेटिक) नमुनाग्रहण म्हणतात.

ओढण्याचा वेग कमी असल्यास काही वायू नळीला वळसा घालून जातो. पण त्यातील जड कण सरळ रेषेत पुढे येऊन नळीत शिरतात आणि प्रमाण वास्तवापेक्षा अधिक दिसते. वेग जास्त असल्यास बाजूचा वायू आत खेचला जातो, परंतु त्यातील जड कण वळू न शकल्याने बाहेरच राहतात व प्रमाण कमी दिसते. ओढण्याचा वेग प्रवाहाच्या 80 टक्के ठेवल्यास, अतिशय जाड कणांच्या बाबतीत ही चूक अधिकच्या बाजूस 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एक मायक्रॉनपेक्षा लहान कण वायूसोबत वळत असल्याने त्यांच्या बाबतीत हा दोष नगण्य असतो.

मापनाची पद्धत

प्रथम पिटो नळीने धुरांड्यातील दाबातील फरक मोजून प्रवाहाचा वेग काढतात. वेग हा या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. धुरांड्याच्या छेदात वेग व धूळ सर्वत्र सारखी नसते. म्हणून ठरावीक अनेक बिंदूंवर नमुना घेतला जातो. मापनाची जागा वळण, पंखा किंवा अन्य अडथळ्यापासून प्रवाहाच्या दिशेने धुरांड्याच्या व्यासाच्या 8 पट पुढे आणि पुढील अडथळ्याच्या 2 पट अलीकडे असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. वायू गाळणकागदातून किंवा थिंबल नावाच्या टोपणासारख्या गाळणीतून ओढला जातो. गाळणी कोरडी करून तिचे मापनापूर्वीचे व नंतरचे वजन ताडून पाहतात. वजनातील वाढीला ओढलेल्या वायूच्या घनफळाने भागल्यावर प्रमाण मिळते.

चुकीची प्रमुख कारणे

* *वजन:* एक घनमीटर वायू ओढला असता प्रमाण 150 असेल, तर गाळणीवर 150 मिलिग्रॅम धूळ जमते. वजनात 1 मिलिग्रॅमची चूक झाली तरी परिणाम एक टक्क्याहून कमी असतो. प्रमाण 10 असेल, तर तीच चूक 10 टक्के होते. म्हणून मर्यादा जितकी कडक, तितके मापन कठीण होत जाते.
* *नळीतील साठा:* काही धूळ गाळणीपर्यंत न पोहोचता नळीच्या आतील पृष्ठभागावर चिकटते. ती धुऊन मोजणीत घेतली नाही, तर प्रमाण कमी येते.
* *फिरता प्रवाह:* धुरांड्यात वायू भोवऱ्यासारखा फिरत असल्यास नळीचे तोंड प्रवाहाच्या समोर राहत नाही.
* *ओलावा व तापमान:* घनफळ संदर्भ तापमानास आणून सांगावे लागते. हे तापमान 0 अंश सेल्सिअस मानले की 25 अंश, यावरून आकड्यात सुमारे 9 टक्के फरक पडतो.
* *हवेची भेसळ:* बाहेरची हवा मिसळल्यास प्रमाण कमी दिसते. म्हणून आकडा ठरावीक ऑक्सिजन प्रमाणास आणतात. उदाहरणार्थ, ऑक्सिजन 13 टक्के असताना मोजलेले 80 मिलिग्रॅम हे 6 टक्के ऑक्सिजनच्या संदर्भात 150 मिलिग्रॅम ठरते.

मानके

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 11255 या मानकाचा पहिला भाग (1985) कणपदार्थांविषयी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 'पद्धत 5' मध्ये समवेगाचे प्रमाण 90 ते 110 टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. भारतात डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेनुसार कोळशावरील वीजकेंद्रांसाठी त्यांच्या उभारणीच्या काळानुसार 100, 50 व 30 मिलिग्रॅम अशा मर्यादा ठरविण्यात आल्या.

सतत मापन

हाताने घेतलेला नमुना काही तासांचीच स्थिती सांगतो. सतत मापन करणारी यंत्रे प्रकाशाचे शोषण किंवा विकिरण, अथवा कणांवरील विद्युतभार यांवर चालतात. ती धुळीचे वजन प्रत्यक्ष करीत नाहीत. कणांचा आकार, रंग किंवा इंधन बदलले की त्यांचे वाचनही बदलते. म्हणून समवेगी नमुन्यांशी ताडून त्यांचे अंशांकन करावे लागते. युरोपीय मानकानुसार अशा अंशांकनासाठी किमान 15 समांतर मापने आवश्यक असतात. मूळ नमुने सदोष असल्यास तोच दोष यंत्राच्या प्रत्येक वाचनात उतरतो.

विश्वासार्हता

अचूकता केवळ उपकरणांवर अवलंबून नसते. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन यांनी गुजरातमध्ये केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. कारखान्यानेच निवडलेले व त्यानेच मोबदला दिलेले लेखापरीक्षक कणपदार्थांचे आकडे 150 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित खाली दाखवीत असल्याचे त्यात आढळले. परीक्षकांची नेमणूक चिठ्ठी पद्धतीने करून, मोबदला सामाईक निधीतून देऊन आणि काही मापने पुन्हा तपासून पाहिल्यावर अहवाल अधिक खरे झाले व कारखान्यांचे प्रदूषणही घटले.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये धुरांड्यातील नमुन्यांच्या आधारे कारखान्यांना एक ते पाच तारे देणारी योजना सुरू केली. सुरत येथे 2019 मध्ये कणपदार्थांच्या उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू झाला. तो सतत मापनाच्या आकड्यांवर आधारलेला आहे. आकडे जाहीर होतात किंवा त्यांना पैशांचे मोल येते, तेव्हा मापनातील चुकीचा परिणाम थेट कारखानदारावर आणि धुरांड्याच्या छायेत राहणाऱ्या वस्तीवर होतो.