स्किझोफ्रेनियावरील औषधोपचारातील लिंगभेद

स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) या विकारावर दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांचा परिणाम स्त्रिया व पुरुष यांच्यावर सारखा होत नाही. लागणारी मात्रा, रक्तातील औषधाचे प्रमाण आणि दुष्परिणाम या तिन्ही बाबतींत फरक आढळतो. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना सामान्यतः कमी मात्रा पुरते. नंतर हा फायदा ओसरतो.

इस्ट्रोजेनची भूमिका

पुरुषांत हा विकार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. स्त्रियांत तो सरासरी ३ ते ५ वर्षे उशिरा दिसतो आणि पंचेचाळिशीनंतर नव्या रुग्णांची संख्या पुन्हा थोडी वाढते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूतील डोपामिनची क्रिया सौम्य करते, असे यावरून मानले जाते. जयश्री कुलकर्णी व सहकाऱ्यांनी मेलबर्न येथे केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०२ स्त्रियांना नेहमीच्या औषधांसोबत २८ दिवस इस्ट्राडायोलची किंवा औषधविरहित पट्टी त्वचेवर लावण्यात आली. इस्ट्राडायोल मिळालेल्या गटात भास व संभ्रम अधिक कमी झाले. तथापि दीर्घकाळ इस्ट्रोजेन देण्यात स्तन व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका असल्याने हा सरसकट उपचार ठरलेला नाही.

विघटन व दुष्परिणाम

ओलांझापिन व क्लोझापिन यांचे विघटन यकृतातील सीवायपी१ए२ हे विकर करते. स्त्रियांत ते मंद असते, त्यामुळे त्याच मात्रेत औषध रक्तात अधिक साठते. विडी-सिगारेटच्या धुराने विघटन वेगवान होते. हा परिणाम निकोटीनचा नसून धुरातील घटकांचा आहे. म्हणून धूम्रपान अचानक सोडणाऱ्या रुग्णाचीही मात्रा तपासावी लागते.

रिस्पेरिडोन व ॲमिसल्प्राइड यांमुळे प्रोलॅक्टिन वाढते. स्त्रियांत ही वाढ जास्त असते. पाळी थांबणे, स्तनांतून दूध येणे व पुढे हाडे ठिसूळ होणे हे तिचे परिणाम होत. पाळी थांबल्याची तक्रार संकोचामुळे अनेकदा डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

बीड जिल्ह्याचा संदर्भ

बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. केवळ गर्भाशय काढल्याने इस्ट्रोजेन लगेच थांबत नाही, मात्र अंडाशयांचे कार्य काही वर्षे लवकर संपू शकते. अंडाशयही काढल्यास ते तत्काळ थांबते. शिवाय गर्भाशय नसलेल्या स्त्रीत पाळीवरून रजोनिवृत्ती ओळखता येत नाही. त्यामुळे अशा रुग्णेची पूर्वीची मात्रा अपुरी पडू लागल्यास कारण सहज लक्षात येत नाही, आणि शस्त्रक्रियेत नेमके काय काढले हे विचारणे उपचाराचा भाग ठरते.

दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी ठरवलेली मात्रा मग सुमारे सहा महिने फेरतपासणीविना चालू राहू शकते.