अजिंठ्याचं जहाज आणि आपली नववी 'ब'

आपला बुलडाणा जिल्हा समुद्रापासून किती लांब आहे हे मी सांगायला नको. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो नोकरीला लागल्यावर, नाहीतर लग्नानंतर. पण जहाज आपण सगळ्यांनी त्याआधीच पाहिलेलं आहे. १९८४ साली, नववीच्या सहलीत, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात. कुणाला आठवत नसेल तर दोष देत नाही. त्या दिवशी अर्ध्या वर्गाचं लक्ष डोंगरातल्या सीताफळांकडे होतं.

चौकीदाराने दिवा धरला आणि चित्रकलेच्या सरांनी आम्हा चार-पाच जणांना पुढे ओढलं. भिंतीवर एक गलबत. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आणि अरुंद शिडं, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या बाजूला ओळीने मांडलेले रांजण, आणि सुकाणूच्या जागी मोठं वल्हं. हे चित्र पूर्णाच्या कथेतलं मानतात. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याचा भाऊ चंदनाचं लाकूड भरून येताना वादळात सापडतो आणि भिक्षू झालेला पूर्ण त्याला वाचवतो, अशी ती गोष्ट. चित्राचा काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. तेव्हा या मुलखावर वाकाटकांचं राज्य होतं आणि त्यांच्या या शाखेची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम. इतक्या आतल्या मुलखातल्या चित्रकाराने डोलकाठ्यांपासून रांजणांपर्यंत सगळं टिपलं. त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

सरांनी तिथेच उभ्याने वहीत रेखाटन केलं आणि परतीच्या एस.टी.त ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "प्रदर्शनासाठी हे लाकडात कर."

आता खरी गोष्ट सांगतो, कारण चाळीस वर्षं ती अर्धीच सांगितली गेली आहे. जहाज मी केलं, पण फळ्या मला वाकवता येत नव्हत्या. दोन दिवसांत सहा पट्ट्या मोडल्या. आपल्या वर्गात मागच्या बाकावर एक जण बसायचा, ज्याच्या घरी सुतारकाम होतं. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे आजोबा टांग्याच्या टपाच्या कमानी वाकवायचे. तो आमच्या घरी आला, चुलीवर चहाची किटली ठेवली आणि सागाची पातळ पट्टी तिच्या तोटीपाशी वाफेवर धरली. मी ओढायला गेलो तर म्हणाला, "लाकडाले घाई करू नोको. ते मऊ झालं का सोताच सांगते." अर्ध्या तासात नाळेचा बाक आला. उरलेल्या पट्ट्या त्याच्याजवळ बसून मी वाकवल्या. बोटं भाजली, पण जमलं.

प्रदर्शनात पहिला नंबर आला. जहाजापुढचं कार्ड मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि त्यावर नाव एकच होतं, माझं. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि वाकस हातात घेतला. मी इंजिनिअरिंगला गेलो. (ते बक्षिसाचं जहाज नंतर टाक्यात सोडल्याबरोबर कलंडलं, हेही लिहून ठेवतो. डोलकाठ्या उंच, तळ सपाट, पोटात वजन काही नाही. दुसरं काय होणार?)

पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर हा नाद परत लागला. रविवारी आम्ही तिघं-चौघं जमायचो. एक गोदीतून निवृत्त झालेले फिटर, एक रत्नागिरीकडचा बँक कारकून, कधी त्याचा भाचा. फिटरकाकांनी डोलकाठीच्या दोऱ्यांना मेण लावायला शिकवलं, नाहीतर दोरा लव सोडतो आणि गलबत केसाळ दिसतं. कारकुनाने माझ्या जहाजाच्या पोटाला हात लावून सांगितलं की हे पोट माशाचं नाही, पेटीचं आहे. एकदा कुणीतरी फ्रेंच आरमारातल्या फ्रान्स्वा-एद्माँ पारिसच्या पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या. हा माणूस १८३०च्या दशकात जगभर फिरला आणि जाईल तिथल्या होड्या मापं घेऊन कागदावर उतरवत गेला. त्यात मुंबईकडची फत्तेमारीही आहे. म्हातारपणी तो पॅरिसच्या नौका संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि त्या रेखाटनांवरून त्याने लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या. अशा माणसामुळे किती होड्या कागदावर तरी उरल्या. पण ज्या सुतारांच्या अंगणात बसून त्याने मापं घेतली, त्यांची नावं कुठे शोधायची?

तेव्हापासून इतिहास वाचताना मला ही एक खोड लागली आहे, कार्डावर कुणाचं नाव राहिलं ते बघायची. जिजाऊंचं माहेर आपल्या सिंदखेडराजाचं, म्हणून महाराजांच्या आरमाराचं आपल्याला जरा जास्तच अप्रूप. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी तिथे जहाजं बांधायला घेतली आणि त्या कामावर पोर्तुगीज कारागीर ठेवले. १६५९मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ते काम टाकून निघून गेले. त्यांच्या प्रमुखाचं नाव कागदपत्रांत आहे, रुई लैतांव व्हिएगस. काम मात्र थांबलं नाही. म्हणजे बाजूला उभं राहून फळी धरणाऱ्या आपल्या सुतारांनी तोवर पुरेसं पाहून घेतलं होतं, असंच मला वाटतं. आरमार उभं राहिलं ते त्यांच्या हातांवर. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

आता आपल्या अजिंठ्याच्या जहाजाकडे परत येतो, कारण ते खरोखरच समुद्रात गेलं आहे. जुलै २०२३मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ला कणा बसवला, फेब्रुवारी २०२५मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ला कारवारला नौदलात दाखल झालं. नाव 'कौंडिण्य'. लांबी १९.६ मीटर, रुंदी साडेसहा. लोखंडी खिळा नाही. फळ्या वाफेवर वाकवून काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या, फटी नारळाच्या तंतूंनी आणि राळेने बुजवलेल्या.

नौदलाकडे नकाशा नव्हता. होतं ते भिंतीवरचं चित्र, आणि चित्राला आतली बाजू नसते. पोटाचा आकार किती, डोलकाठी कुठे रोवायची, हे आधी गणिताने आणि मग छोट्या प्रतिकृतीने ठरवावं लागलं. तिची चाचणी आय.आय.टी. मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागात झाली. म्हणजे नौदलालासुद्धा आधी आमच्यासारखं खेळण्यातलं जहाज करावं लागलं! पण शिवायचं कसं, हे ना चित्रात होतं ना गणितात. त्यासाठी केरळहून बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आले आणि कित्येक महिने शिवत बसले. शंकरन यांचं नाव सरकारी पत्रकात छापून आलं. ते वाचलं तेव्हा मला आपल्या शाळेतलं ते कार्ड आठवलं.

२९ डिसेंबर २०२५ला 'कौंडिण्य' पोरबंदरहून निघालं आणि संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारी २०२६ला, मस्कतला पोचलं.

मी त्याची प्रतिकृती करायला घेतली आणि अडलो. पन्नासास एक या प्रमाणात जहाज ३९ सेंटिमीटरचं होतं, टेबलावर छान मावतं. पण खऱ्या फळीतलं एक सेंटिमीटरचं भोक ०.२ मिलिमीटरचं होतं. त्यातून काथ्या सोडा, साधा दोराही धड जात नाही. विसास एक घेतलं तर जहाज जवळजवळ मीटरभर, आणि तरी भोक अर्ध्याच मिलिमीटरचं. खिळ्यांचं जहाज लहान करता येतं, शिवलेलं येत नाही. फिटरकाका आज नाहीत. शेवटी फोन केला तो मागच्या बाकावरच्यालाच. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अख्खं जहाज पायजेच काऊन? कुशीचा एक तुकडा कर ना खऱ्या मापाचा."

तेच केलं आहे. सागाच्या चार फळ्या, दीड मीटर लांब, त्याने त्याच्या दुकानात वाफवून वाकवलेल्या आणि आम्ही दोघांनी मिळून शिवलेल्या. पहिल्या शिवणीला माझे तीन तास गेले, त्याचे पन्नास मिनिटं. चौथ्या फळीची शिवण मुद्दाम अर्धी ठेवली आहे. मेळाव्याच्या दिवशी हा तुकडा चित्रकलेच्या वर्गात असेल, शेजारी काथ्या आणि दाभण. ज्याला वाटेल त्याने दोन टाके घालावेत. सरांना आता नीट दिसत नाही, पण त्यांनी तो हाताने चाचपावा अशी इच्छा आहे.

कार्ड या वेळी दोन नावांचं आहे. त्याला विचारलं, चालेल ना? तो म्हणाला, "चालते. पण बक्षिसाची कंपासपेटी भेटली होती ना तुले, तिच्यातलं कर्कटक पह्यलं आणून दे."