पडद्यामागचे घर

मी जुईनगरच्या एका बालवाडीत शिकविते. शिक्षण दहावीपर्यंतचे. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक लेखिका म्हणतात. पण डोळे विस्फारून माझे ऐकणारी मंडळी चार-पाच वर्षांचीच. गेल्या हिवाळ्यात या मंडळींना घेऊन मी पेडर रोडवरच्या भारतीय राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गेले. हे संग्रहालय २०१९ च्या जानेवारीत खुले झाले. त्याचा एक भाग गुलशन महल या जुन्या, देखण्या बंगल्यात मांडलेला आहे. हार्बरच्या गाडीत वाशीची खाडी ओलांडायच्या आतच निम्म्यांचे डबे संपले, हेही सांगून टाकते.

त्या महिन्यात आमचा पाठ होता ‘माझे घर’. सिनेमाची गोष्ट मुळात घरातलीच, म्हणून मी तीच निवडली.

पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन लोकांना जी चित्रे दाखविली, त्यांत एक होते तान्ह्या मुलीच्या जेवणाचे. आई-बाबा बागेत बसले आहेत, बाबा चमच्याने भरवीत आहेत. पुरते एक मिनिटही नाही. बाबा म्हणजे ऑगस्त, आणि चित्र घेणारा लुई म्हणजे त्या बाळाचा सख्खा काका! पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांचा खेळ मुंबईला वॉटसन हॉटेलात झाला.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचे तर सारे घरच या नादाला लागले. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. आधी वाटाण्याच्या रोपाचे चित्र केले. रोज थोडे थोडे टिपायचे, आणि पडद्यावर वेल भराभर वाढताना दिसायचा. आमच्या मुलांनी कापसावर मूग रुजविले होते, त्यामुळे हे त्यांना ताबडतोब पटले. मग दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लागला. तारामती झाले अण्णा साळुंके. बाई मिळतच नव्हती! रोहिदास मात्र घरचा, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्यातलाच तुकडा दाखविला. प्रारंभी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखविते, हसते, रागावते. मुले तिच्याबरोबर तोंडे करू लागली. एक मुलगा तेवढा गप्प. त्याचे वडील ट्रक घेऊन दूरदूर जातात; महिना-महिना घरी नसतात.

“बाई, तिचे बाबा कुठे आहेत?”

“तिच्यासमोरच. कॅमेऱ्याच्या बाजूला. तेच तर चित्र काढताहेत.”

“मग दिसत का नाहीत?”

“काम करताहेत ना, म्हणून.”

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. आपण खरे तेच सांगितले की त्याला बरे वाटेल ते, हे मला त्या रात्री उगीचच छळीत राहिले.

“आणि आई?” एका मुलीने विचारले.

आई! सरस्वतीबाईंचे दागिने या उद्योगात गेले. चित्रीकरणाच्या वेळी ऊन परतविण्यासाठी त्या पांढरी चादर धरून उभ्या राहत. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. आणि फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती धुणे, हीही कामे त्या शिकल्या. तारामतीचे काम करायला नवऱ्याने विचारले, तेव्हा त्यांनी नकार दिला. एवढा पसारा मग सांभाळणार कोण? इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना दोन-चार ओळी मिळतात. मला विचाराल तर त्या चादरीला संग्रहालयात एक दालन हवे.

मी मुलांना म्हटले, “आई काळोख्या खोलीत फिल्म धुतेय. उजेड आला तर चित्र नासते, म्हणून दार बंद.”

नंतर सगळ्यांनी फाळक्यांचे घर काढले. बहुतेकांनी कौलारू छप्पर, सूर्य आणि कॅमेरा म्हणून एक चौकोन काढला. त्या मुलीने मात्र काळा खडू घेऊन कागद गच्च भरून टाकला.

“हे काय ग?”

“आई आहे आत. दार उघडू नका, बाई.”